साइटवरचा मृत्यू: ‘अकस्मात’ नोंदीच्या पुढे काय करावे

ठाणे किंवा नवी मुंबईत बांधकामावर माणूस दगावला की पोलीस ठाण्यात सहसा आधी ‘अकस्मात मृत्यू’ची नोंद होते, गुन्ह्याची नव्हे. तीत गैर काही नाही, चौकशी तिच्यापासूनच सुरू होते. परंतु ती तेथेच थांबू नये, यासाठी नातेवाइकांनी पहिल्याच दिवशी हयगयीचा तपशील असलेली लेखी फिर्याद द्यावी आणि पोच घ्यावी.

सगळ्यात जास्त लक्ष पंचनाम्याकडे द्यावे. ‘अकराव्या मजल्यावरून पडून मृत्यू’ एवढ्याने भागत नाही; लिफ्टच्या डक्टचे, म्हणजे लिफ्टसाठी सोडलेल्या उभ्या पोकळीचे, तोंड किती रुंद होते, कठडा व जाळी होती का, दिवा होता का, मयताला सुरक्षा पट्टा दिला होता का, हे त्यात यायला हवे. घोडबंदर रस्त्यावरच्या एका साइटवर मी दुसऱ्या दिवशी गेलो, तेव्हा डक्टला नवा कठडा बसला होता आणि त्याचा रंग हाताला लागत होता. त्यामुळे सोबतच्या कामगारांनी मोबाइलवर काढलेले त्याच दिवशीचे फोटो जपून ठेवावेत.

घटना 1 जुलै 2024 रोजीची किंवा नंतरची असल्यास भारतीय न्याय संहितेचे कलम 106(1), म्हणजे हयगयीने मृत्यू, लागते आणि शिक्षा पाच वर्षांपर्यंत होऊ शकते. जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम 304-अ मध्ये ती दोनच वर्षे होती. साधी चूक मात्र गुन्हा ठरत नाही: डॉक्टरांविषयीच्या जेकब मॅथ्यू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये हयगय घोर असावी लागते, असे सांगितले. शिवाय मृत्यू त्याच हयगयीने झाला, हेही दाखवावे लागते.

धोका माहीत असूनही काम चालू ठेवले असेल, तर कलम 105, म्हणजे सदोष मनुष्यवध, लावण्याची मागणी करता येते; त्यासाठी आधीच्या लेखी तक्रारी, नोटिसा, सुपरवायझरला पाठवलेले मेसेज शोधावेत. शिळफाट्याची इमारत 2013 मध्ये कोसळून 74 जण गेले, तेव्हा गुन्हा सदोष मनुष्यवधाचाच नोंदला गेला होता.

पोलीस गुन्हा नोंदवत नसतील, तर परिमंडळाच्या उपायुक्तांना टपालाने तक्रार पाठवावी आणि तरीही दखल न घेतल्यास प्रतिज्ञापत्रासह प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा.

तेराव्याच्या आत ठेकेदार पैसे आणि ‘आमची तक्रार नाही’ असा कागद घेऊन दारात येतो. भरपाई हा कुटुंबाचा हक्क आहे, ती घ्यावी. त्या कागदावर सही करू नये, कारण कलम 106 तडजोडीने मिटणाऱ्या गुन्ह्यांच्या यादीत नाही आणि तो कागद पुढे साक्षीदाराला खोटे पाडण्यासाठीच वापरला जातो.