एचआयव्हीबाधित रुग्णाचा डोळा तपासताना: नवोदित नेत्रवैद्यांसाठी

नेत्रविभागात निवासी डॉक्टर म्हणून रुजू झालो, तेव्हा एचआयव्हीबाधित रुग्ण समोर आला की मी आधी बाहुली मोठी करणारे थेंब घालून थेट रेटिना (डोळ्याच्या आतला मागचा पडदा) पाहायचो. सायटोमेगॅलो विषाणूमुळे रेटिनाला सूज येऊन दृष्टी जाते, ही भीती मनात घट्ट बसली होती. मात्र तो आजार प्रामुख्याने सीडी४ या रोगप्रतिकारक पेशींची संख्या रक्ताच्या दर घनमिलिमीटरमागे ५० च्या खाली गेल्यावर आढळतो. डोळ्याच्या पृष्ठभागाचे विकार त्याच्या पुष्कळ आधी सुरू होऊ शकतात, आणि माझ्या घाईच्या थेंबांमुळे त्यांच्याच तपासण्या बिघडत होत्या.

"डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं," असे रुग्ण सांगतो, तेव्हा कोणताही थेंब घालण्याआधी अश्रूंचे प्रमाण मोजणारी शर्मर चाचणी करावी. खालच्या पापणीच्या बाहेरील भागात अडकवलेली कागदी पट्टी ५ मिनिटांत ५ मिलिमीटरपेक्षा कमी भिजली, तर अश्रू फारच कमी आहेत असे समजावे. कापसाच्या धाग्याने कॉर्नियाची (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याची) संवेदनाही तेव्हाच पाहावी, कारण बधिर करणारा थेंब पडल्यावर ती कळत नाही.

नागिणीबाबतची एक चूक मला अजून सलते. तिशीतल्या एका रुग्णाच्या कपाळावर, मध्यरेषेपाशी नेमके थांबलेले फोड होते आणि एक फोड नाकाच्या शेंड्यावर होता. शेंड्यावरचा फोड डोळ्याला धोका असल्याची खूण असते, हे ओळखून मी ७२ तासांच्या आत असायक्लोव्हिर ८०० मिलिग्रॅम दिवसातून पाच वेळा सुरू केले. पण एवढ्या कमी वयात नागीण का झाली, प्रतिकारशक्ती तर कमी झालेली नाही ना, हे विचारलेच नाही. पुढे त्यांचे एचआयव्हीचे निदान झाले, ते दुसरीकडे आणि उशिरा. अशा तरुण रुग्णाला नीट समजावून, त्याच्या संमतीने आणि गोपनीयता राखून एचआयव्ही चाचणी सुचवणे हे नेत्रवैद्याचेच काम आहे, असे माझे ठाम मत आहे.

डोळ्याच्या पांढऱ्या भागावरील रक्तासारखा लाल डाग दोन-तीन आठवड्यांत विरला नाही, तर कापोसी सार्कोमा या कर्करोगाची शंका घ्यावी. कॉर्नियाच्या कडेची गुलाबी, उंचवट्याची वाढ टेरिजियमसारखी (कॉर्नियावर सरकणाऱ्या साध्या मांसल पडद्यासारखी) दिसली, तरी तो स्क्वेमस (पृष्ठभागावरील चपट्या) पेशींचा कर्करोग असू शकतो आणि एचआयव्हीबाधितांत तो तरुण वयातही होतो. म्हणून पहिल्याच भेटीत तिचे छायाचित्र घ्यावे, माप मिलिमीटरमध्ये लिहावे आणि काढलेला तुकडा, कितीही साधा वाटला तरी, बायोप्सीला पाठवावा.