जड टेलिकास्टरचं वजन अर्ध्या किलोने कसं कमी करावं

साडेचार किलोची गिटार गळ्यात अडकवून दोन तास उभं राहिलं की आधी डावा खांदा भरून येतो, मग मान आखडते. हळूहळू ती गिटार पेटीतच राहायला लागते. चांगल्या वाद्याचं असं होऊ नये. टेलिकास्टर, म्हणजे फेंडर कंपनीची सपाट, भरीव बॉडीची इलेक्ट्रिक गिटार, त्या पद्धतीची गिटार असेल तर वजन कमी करणं घरच्या वर्कशॉपमध्येही जमतं. हात थोडा बसलेला हवा आणि घाई नको.

हा उपाय नवा नाही. फेंडरने टेलिकास्टर आणली ती ॲश नावाच्या लाकडाच्या सपाट फळीतून कापलेली. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या पाणथळ भागातला ॲश हलका असतो, कोरड्या जमिनीवरचा बराच जड. हलका ॲश मिळणं अवघड होत गेलं, तेव्हा फेंडरने १९६८ साली थिनलाइन टेलिकास्टर काढली. तिची बॉडी मागच्या बाजूने पोखरून त्यावर मागूनच पातळ फळी चिकटवलेली होती. आपण तेच करणार आहोत, फक्त तिच्यासारखं पुढच्या बाजूला दिसणारं छिद्र न पाडता.

कुठल्या गिटारला हात लावू नये, ते आधी. जुनी, मूळ स्थितीतली, किंमत असलेली गिटार कापू नका. कोरीव माथ्याची आणि चिकटवलेल्या नेकची (नेक म्हणजे गिटारची लांब मान) लेस पॉल पद्धतीची गिटारही नको. नेक स्क्रूंनी बसवलेली, सपाट आणि भरीव बॉडीची गिटारच या कामाला योग्य.

पहिलं काम वजनाचं. सामान तोलायच्या हुकाच्या काट्यावर पूर्ण गिटार तोला. मग सगळं सुटं करून बॉडी, नेक, तारा पिळायच्या खुंट्या, ब्रिज (बॉडीवर तारा टेकतात तो भाग) वेगवेगळे तोला आणि लिहून ठेवा. सुटं करण्याआधी आणखी एक पाहा: गिटार पट्ट्याने अडकवून नेकवरचा हात काढा. नेक खाली जात असेल तर बॉडी हलकी केल्यावर ते वाढणारच. खुंट्या बॉडीपासून सगळ्यात लांब असतात, म्हणून तिथले ५० ग्रॅम तोल फार बिघडवतात. अशा वेळी आधी हलक्या खुंट्या बसवा आणि आठ-दहा सेंटिमीटर रुंदीचा पट्टा वापरून पाहा. हे बदल परत फिरवता येतात. एवढ्याने भागत असेल तर इथेच थांबा, असं मी मनापासून सांगेन.

आता हिशोब. जड ॲशचा एक घनसेंटिमीटर साधारण ०.६८ ग्रॅम भरतो. बॉडीची जाडी ४५ मिमी. मागचं ६ मिमी लाकूड उतरवून तिथे तेवढ्याच जाडीची नवी फळी येईल, पुढे ७ मिमी लाकूड ठेवायचं, म्हणजे पोकळीला ३२ मिमी खोली मिळते. पोकळ्यांचं एकूण क्षेत्रफळ २०० चौरस सेंटिमीटर धरलं तर ६४० घनसेंटिमीटर लाकूड निघतं, म्हणजे सुमारे ४३५ ग्रॅम. मागची फळी हलक्या लाकडाची घेतली तर आणखी शंभरेक ग्रॅम. यापुढे हाव धरू नये.

त्या फळीसाठी माझी पसंती शिवणीला. हलकं, कमी वाकणारं लाकूड, आपल्याकडे वाद्यांसाठी वापरात असलेलं. फळी बॉडीसोबत एकाच खोलीत निदान दोन आठवडे राहू द्या. आणि हे काम पावसाळ्यात काढू नका. कोकणात, मुंबईत तर नाहीच. ओलावा प्यायलेली फळी पुढे उन्हाळ्यात आक्रसते आणि जोड उघडायला बघतो. डिसेंबर ते मार्च हा काळ उत्तम.

बॉडीचा आकार कागदावर उतरवा आणि जिथे कापायचं नाही ते आधी रंगवा. नेकच्या खाचेपासून ब्रिजच्या मागपर्यंत मधला ९० मिमीचा पट्टा अखंड राहिला पाहिजे. दहा-सेहेचाळीसचा (सगळ्यात बारीक आणि सगळ्यात जाड तारेची जाडी, इंचाच्या हजारांश भागात) तारांचा संच सुरात लावला की ओढ एकूण ४५ किलोच्या आसपास जाते, आणि ती सगळी याच पट्ट्यातून जाते. कडेने २० मिमी, गळ्यातला पट्टा अडकवायच्या बटणांभोवती ४० मिमी, जॅकच्या (केबल लावायच्या) भोकाभोवती १५ मिमी सोडा. उरलेल्या जागेत मोठी पोकळी जाड तारांच्या बाजूला बसेल, लहान दुसऱ्या बाजूला, कंट्रोलच्या (आवाजाच्या बटणांच्या) खाचेपलीकडे. पोकळ्यांचे कोपरे गोल ठेवा. या नकाशावरून एमडीएफचा (दाबून केलेल्या लाकडी भुशाच्या फळीचा) साचा कापा.

पुढची बाजू मऊ कापडावर पालथी ठेवून बॉडी घट्ट बसवा. बॉडी भरीव असतानाच मागची बाजू ६ मिमीने उतरवून घ्या. दोन समांतर रुळांवर राउटर (लाकूड कोरायचं फिरत्या पात्याचं यंत्र) सरकवला की पृष्ठभाग एकसारखा उतरतो. जुन्या पॉलिएस्टर रंगाचा थरही त्यातच जातो. आधी पोकळ्या केल्या तर राउटरला आधार उरत नाही, म्हणून हा क्रम बदलू नका.

मग पोकळ्या. बराचसा माल ३५ मिमीच्या फोर्स्टनर बिटने (सपाट तळाचं भोक पाडणाऱ्या ड्रिलच्या पात्याने) काढा. खोलीचा अटकाव उतरवलेल्या पृष्ठभागापासून २८ मिमीवर लावा, कारण या बिटचं मधलं टोक पुढे येतं आणि पुढच्या रंगातून बाहेर निघालं तर दुरुस्ती नाही. उरलेले ४ मिमी आणि भिंती साच्याला धरून राउटरने, दर फेरीला ४ मिमीपेक्षा जास्त नाही. पोकळीत राउटर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवा. उलटा फिरवला तर तो हातातून ओढला जातो. चष्मा, कानाचं संरक्षण आणि चांगला मास्क हवाच. लाकडाची बारीक धूळ कर्करोगाला कारण ठरते, ही गोष्ट आपल्याकडच्या कारखान्यांत फार हलक्यात घेतली जाते.

मध्येच बॉडी तोला. ठरवलेलं वजन गाठलं असेल तर नकाशात जागा उरली तरी थांबा.

पोकळ्यांना आतून चपडा लाखेचा एक हात द्या, म्हणजे लाकूड दोन्ही बाजूंनी सारखा ओलावा घेईल. चिकटवायच्या जागेवर थेंबही जाऊ नये. फळी बॉडीपेक्षा चार-पाच मिमी मोठी कापा. सुतारी गोंद पातळ, सलग पसरा. जास्त लावला तर आत ओघळतो आणि तो पुसता येत नाही. खाली आणि वर बॉडीच्या मापाचे १८ मिमी प्लायचे तुकडे, त्यांवर कडेने आणि मध्येही क्लॅम्प. एक दिवस हात लावू नका.

नंतर वाढीव कड राउटरमधल्या बेअरिंगच्या बिटने बॉडीला समतल करा, कडेची टोकदार धार मोडा, १५० ते ३२० नंबरचा पॉलिशपेपर फिरवा. तारांची आणि नेकच्या स्क्रूंची भोकं पुढच्या बाजूने, जुन्याच भोकांतून पाडा आणि खाली टाकाऊ लाकूड दाबून धरा, नाहीतर शिवणीच्या ढलप्या उडतात. तारांच्या फेरूलची (मागे तारांची टोकं अडकवायच्या धातूच्या टोप्यांची) भोकं मात्र कॅलिपरने माप घेऊन मागून मोठी करा. जाडी पुन्हा ४५ मिमी झाल्यामुळे नेकचे स्क्रू तेच चालतात. मागची बाजू लॅकरने किंवा तेलाने बंद करा.

आवाजाबद्दल फार अपेक्षा ठेवू नका. ॲम्पशिवाय वाजवताना गिटार थोडी मोकळी बोलते, ॲम्पचा गेन भरपूर वाढवला की थोडी लवकर शिट्टी धरते. हे काम खांद्यासाठी आहे.

तारा चढवून गिटार आठवडाभर सुरात ठेवा. मग नेकचे स्क्रू पुन्हा कसा, नेकचा वाक तपासा आणि मागच्या जोडावरून नख फिरवा. कुठे फट लागली तर तिथे पातळ सुपरग्लू सोडून लगेच क्लॅम्प लावा, ओलावा आत शिरण्याआधी.