व्हर्च्युअल मशीनमध्ये नवी ऑपरेटिंग सिस्टीम पाहण्याआधीची तयारी

डेबियन, फेडोरा, फ्रीबीएसडी किंवा हायकू यांपैकी एखादी ऑपरेटिंग सिस्टीम रोजच्या संगणकाला धक्का न लावता वापरून पाहायची असेल, तर व्हर्च्युअलबॉक्स, म्हणजे संगणकाच्या आत दुसरा आभासी संगणक (व्हर्च्युअल मशीन) चालवणारे सॉफ्टवेअर, उतरवून घेण्याआधी तासभर तयारीला द्यावा. फेडोरा मी पहिल्यांदा प्रोसेसरचा एक कोअर आणि २ जीबी मेमरी देऊन चालवली, ती प्रत्येक खिडकी उघडताना अडखळत होती आणि कित्येक महिने मी तिला जड समजत राहिलो. चार कोअर आणि ४ जीबी मेमरी दिल्यावर तीच फेडोरा सुरळीत चालली. दोष मांडणीचा असतो आणि शिक्का सिस्टीमवर बसतो, म्हणून पुढील गोष्टी कागदावर लिहून एकेक करून पाहून घ्याव्यात.

पहिली नोंद यजमान, म्हणजे आपल्या खऱ्या, संगणकाच्या ऐपतीची करावी. मेमरी ८ जीबी असेल तर पाहुण्या, म्हणजे आभासी यंत्रात चालणाऱ्या, सिस्टीमला ४ जीबीहून अधिक देऊ नये, कारण यजमान गुदमरला की दोन्ही सिस्टीम रखडतात. १६ जीबी असेल तर हात मोकळा राहतो. डेबियनच्या डेस्कटॉपसाठी २५ जीबी जागा मोकळी ठेवावी, तर विंडोज ११ची अधिकृत अटच ४ जीबी मेमरी, ६४ जीबी जागा आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप अशी आहे. आभासी डिस्क गरजेप्रमाणे वाढणारी निवडली, तरी आतल्या फायली पुसल्यावर ती आपोआप लहान होत नाही, हे जागेचा हिशेब करतानाच लक्षात घ्यावे.

त्यानंतर प्रोसेसरची व्हर्च्युअलायझेशनची सोय चालू आहे का, ते पाहावे. विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समधील सीपीयूच्या पानावर ‘व्हर्च्युअलायझेशन’ या शब्दापुढे ‘एनेबल्ड’ असे दिसायला हवे. तसे दिसत नसेल, तर बायॉसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन इंटेलच्या संगणकावर ‘इंटेल व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी’ आणि एएमडीच्या संगणकावर ‘एसव्हीएम मोड’ ही सोय चालू करावी. मात्र डिस्कला विंडोजच्या बिटलॉकरचे कुलूप असेल, तर त्याची रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून ठेवावी, कारण बायॉसमधील बदलानंतर संगणक ती मागू शकतो आणि त्या क्षणी ती हाताशी नसेल तर आपलीच माहिती आपल्याला उघडता येत नाही. पुढे मशीन सुरू झाल्यावर खिडकीच्या खालच्या पट्टीत हिरवे कासव दिसले, तर विंडोजची स्वतःची व्हर्च्युअलायझेशन यंत्रणा, हायपर-व्ही, आड आली आहे आणि वेग कमी मिळणार आहे, असे समजावे. बऱ्याचदा त्याचे मूळ विंडोजच्या सुरक्षा-सेटिंगमधील कोअर आयसोलेशनखालच्या ‘मेमरी इंटेग्रिटी’ या सोयीत असते. ती सोय सुरक्षिततेसाठी असल्यामुळे केवळ हौसेखातर बंद करणे मला पटत नाही. त्यापेक्षा वेगाबद्दलचे मत राखून ठेवावे.

आयएसओ फाइल, म्हणजे सिस्टीम बसवण्यासाठीची डिस्कची प्रत, त्या त्या प्रकल्पाच्या अधिकृत ठिकाणाहूनच घ्यावी आणि तिचा एसएचए-२५६ आकडा (फाइल जशीच्या तशी उतरली का, हे सांगणारा तिचा ठसा) तिथे दिलेल्या आकड्याशी ताडून पाहावा. विंडोजमध्ये ‘सर्टयूटिल’ आणि लिनक्समध्ये ‘एसएचए२५६सम’ या आज्ञा त्यासाठीच आहेत. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर अवलंबून असणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे की, डेबियनची नेटइन्स्ट फाइल लहान असली तरी डेस्कटॉपचे उरलेले सामान ती बसवताना इंटरनेटवरून खेचते. ॲपलच्या एम मालिकेतील मॅकवर त्याच्या प्रोसेसरच्या प्रकाराची, म्हणजे एआरएम६४साठीची, आयएसओ घ्यावी आणि यूटीएम हे मॅकवरचे व्हर्च्युअल मशीनचे सॉफ्टवेअर वापरून पाहावे.

पाहुण्या सिस्टीमचे नेटवर्क ‘नॅट’वरच ठेवावे, म्हणजे ती यजमानाच्या आडून इंटरनेट वापरते. विंडोज एक्सपीसारखी सिस्टीम, जिला ८ एप्रिल २०१४नंतर नियमित आधार उरलेला नाही, पाहायची असेल तर सेटिंगमधली आभासी केबल काढूनच ती सुरू करावी. व्हर्च्युअलबॉक्स मुक्त असले तरी त्याच्या एक्स्टेन्शन पॅकचा (जादा सोयींच्या जोडणीचा) परवाना वेगळा आहे, तेव्हा कार्यालयात वापरण्याआधी तो वाचावा. खिडकीत अडकलेला माउस सोडवण्यासाठी उजवी कंट्रोल कळ लागते. काही लॅपटॉपवर ती नसतेच, म्हणून दुसरी कळ आधीच नेमून घ्यावी.

मराठी वापरणाऱ्याने एक चाचणी अवश्य लिहून ठेवावी, आणि माझ्या मते हीच सर्वांत महत्त्वाची आहे. ‘दऱ्याखोऱ्या’, ‘ॲड’, ‘बाळ’, ‘श्लोक’ आणि ‘लक्ष्मी’ असे शब्द असलेली छोटी मजकूर-फाइल तयार ठेवून ती पाहुण्या सिस्टीममध्ये उघडावी. ‘ऱ्या’मधला अर्धा र नीट वळतो का, ‘ॲ’च्या जागी रिकामी चौकट तर येत नाही ना, ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे आहेत की हिंदी, हे बारकाईने पाहावे. चौकटी दिसल्या तर लोहित किंवा नोटो देवनागरी फाँट बसवून पुन्हा पाहावे, आणि इन्स्क्रिप्ट कळपाट जोडून चार ओळी स्वतः टंकून पाहाव्यात. आपली भाषा सहज लिहिता येत नसेल, तर बाकी सिस्टीम कितीही देखणी असली तरी ती रोजच्या कामाला उपयोगाची नाही.

सिस्टीम बसवून, अद्ययावत करून आणि गेस्ट ॲडिशन्स (पाहुण्या सिस्टीममध्ये बसवायचे व्हर्च्युअलबॉक्सचे पूरक सॉफ्टवेअर) घालून झाल्यावर मशीन बंद करावे आणि तेव्हाच पहिला स्नॅपशॉट, म्हणजे मशीनच्या त्या क्षणीच्या स्थितीची नोंद, घेऊन त्याला ‘स्वच्छ’ असे नाव द्यावे, म्हणजे पुढे काहीही मोडले तरी त्या जागी परतता येते. स्नॅपशॉट त्याच डिस्कवर राहतो, त्यामुळे तो बॅकअप नव्हे. जपून ठेवण्याजोगे मशीन ओव्हीए फाइलच्या रूपात बाहेरच्या डिस्कवर काढून ठेवावे.

वायफाय, बॅटरी, झाकण मिटल्यावर संगणकाचे झोपणे आणि खऱ्या ग्राफिक्स कार्डाचे वागणे या गोष्टी आभासी यंत्रात कळत नाहीत, कारण पाहुणी सिस्टीम ते हार्डवेअर पाहतच नाही. त्यांच्यासाठी यादीचे वेगळे पान करावे आणि पसंत पडलेली सिस्टीम लाइव्ह, म्हणजे न बसवता थेट चालणाऱ्या, स्वरूपात मिळत असेल, तर ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर उतरवून, त्यावरून संगणक सुरू करून त्या पानावरची एकेक नोंद तपासावी.