हिरवं दिसतंय म्हणजे जंगल परत आलं? अल्बर्टातल्या खाणींवर हमखास होणाऱ्या चुका

जून महिन्यात फोर्ट मॅकमरीच्या उत्तरेला, खाणीच्या एखाद्या जुन्या ढिगावर उभं राहिलं की डोळे निवतात. कमरेएवढं गवत, मधूनमधून स्प्रूसची रोपं, वाऱ्यावर सळसळणारी अस्पेनची पानं. अहवालात टाकायला फोटो झकास येतो. मग कुणीतरी फावडं काढतं, रोपाशेजारी दोन फुटांचा खड्डा घेतं आणि सगळे गप्प होतात. मुळं वीतभर खाली जाऊन काटकोनात वळलेली असतात, कुंडीत वाढल्यासारखी. त्याखाली दगडासारखी दाबलेली माती.

कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात तेलवाळूच्या, म्हणजे बिट्युमेन नावाचं डांबरासारखं घट्ट तेल मिसळलेल्या वाळूच्या, उघड्या खाणी 1967 पासून सुरू आहेत. खाण संपल्यावर जमीन पूर्वीच्या तोडीची करून द्यायची, ही तिथली अट. ही अट पुरी झाल्याचं पहिलं प्रमाणपत्र मिळालं मार्च 2008 मध्ये, गेटवे हिल नावाच्या 104 हेक्टरच्या टेकडीला. तिथली लागवड 1980 च्या दशकातली, म्हणजे पंचवीसेक वर्षांनी निकाल. शिवाय ती टेकडी खाणीवरून उपसलेल्या माती-दगडांची होती, गाळाच्या तलावाची, म्हणजे तेल काढून उरलेला चिखल-पाणी साठवतात त्या जागेची, नव्हे. इथे एखादी चूक झाली की ती कळायलाच अर्धी नोकरी जाते, म्हणून आधीच कुठे पाहायचं ते सांगतो.

गवत जोरात आणि झाडं खुरटलेली

सुरुवातीच्या काळात धूप थांबवायला बार्ली आणि चाऱ्याची गवतं पेरायची, वर खत मारायचं, अशी पद्धत होती. माती थांबली, पण झाडंही थांबली. आजही खताचा हात सैल सुटला की कॅलॅमॅग्रॉस्टिस हे तिथलंच उंच गवत सगळं व्यापून टाकतं. हिवाळ्यात बर्फाच्या वजनाने वाळलेलं गवत आडवं पडतं आणि दोन वर्षांचं रोप त्याखाली चेपलं जातं. वसंतात तोच थर दुलईसारखा जमिनीवर राहतो, त्यामुळे माती लवकर तापत नाही. वाढीचा हंगाम मुळात तीन-चार महिन्यांचा, त्यातले पहिले आठवडे असे फुकट जातात.

उपग्रहाच्या चित्रात मात्र हे सगळं हिरवंगार. गोव्यात खाणींच्या ढिगांवर ऑस्ट्रेलियन बाभळीच्या रांगा पाहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. हिरवेपणाचा आकडा ठेवा, पण त्याच्या शेजारी रोपांची उंची, जगलेल्या रोपांची मोजणी आणि झाडाखाली आपोआप काय उगवलं याची यादी हवीच.

मुळं वळलेली दिसली तर दोष जवळपास नेहमी वाहतुकीचा. साडेतीनशे टन माल वाहणारे ट्रक जिथून गेले, तिथे वर कितीही चांगली माती पसरा, खालचा थर फुटत नाही. जमीन कोरडी असताना रिपर, म्हणजे खोल जाणारा लोखंडी दात, घालून तो उकलावा लागतो; ओल्यात घातला तर चिखलात नुसत्या चिरा पडतात. आणि पृष्ठभाग अंथरुणासारखा सपाट करायचा मोह आवरा. खड्डे-उंचवट्यांत पाणी थांबतं, बी अडकतं. डोझरवाल्याला ओबडधोबड काम जमवायला सांगणं हेच सगळ्यात अवघड, कारण त्याच्या उमेदीची सगळी वर्षं गुळगुळीत करण्यात गेलेली असतात.

वरची माती ढिगात विसरली

उंचवट्यावरच्या जंगलाचा वरचा थर, म्हणजे पानगळ, अर्धवट कुजलेला पाला आणि खालची थोडी माती, हा बियाण्यांचा साठा असतो. तो खरवडून मोठ्या ढिगात ठेवला की ढिगाच्या पोटात, मीटरभर खाली, बी काही महिन्यांतच मरतं. पाच वर्षांनी तो पसरला तर फक्त माती मिळते, जंगल मिळत नाही. एका बाजूने खरवडायचं आणि त्याच हंगामात दुसऱ्या बाजूला पसरायचं, एवढाच उपाय. त्यासाठी खाणीचं वेळापत्रक आणि लागवडीचं वेळापत्रक एकाच टेबलावर बसून करावं लागतं, आणि तेच होत नाही.

खड्डा केला, पीट भरलं, पाणथळ झाली

नाही होत. खाणीपूर्वी या भागात निम्म्याहून जास्त जमीन पाणथळ होती, आणि पीट, म्हणजे न कुजलेल्या शेवाळ-पाल्याचा थर, वर्षाला मिलिमीटरभर या गतीने वाढतो. पाणथळ टिकते ती पाणलोटावर. 2013 मध्ये तयार झालेल्या निकानोटी फेनमध्ये (फेन म्हणजे भूजलावर जगणारी पीटची पाणथळ) हाच विचार केला होता. तिथल्या आदिवासींच्या क्री भाषेत निकानोटी म्हणजे भविष्य. सुमारे 3 हेक्टरच्या पाणथळीसाठी 32 हेक्टरचं पाणलोट रचलं, आणि वाळूच्या उंचवट्यातून पाणी जमिनीखालून हळूहळू येईल अशी सोय केली.

पण ती वाळू खाणीतलीच, त्यामुळे पाण्यासोबत सोडियमही येतं, आणि ते येतं सावकाश. पहिली दोन-तीन वर्षं सगळं छान दिसतं. मॉस पिवळं पडू लागलं आणि पाणकणीस पसरू लागलं, तर क्षाराकडे संशयाने बघा. मोजताना उघड्या डबक्यातलं पाणी घेऊ नका, मुळांच्या खोलीवरचं घ्या. मे महिन्यातला नमुना बर्फ वितळल्याने पातळ झालेला असतो. ऑगस्टमधला खरं बोलतो.

मोजमापातले घोटाळे

पाणथळीत पाण्यावर इंद्रधनुषी तवंग दिसला की नवा माणूस तेलगळतीचा फोन करतो. आधी काडीने ढवळून बघा. तवंगाचे काचेसारखे तुकडे होऊन ते वेगळेच राहिले तर बहुधा लोहजिवाणूंचं काम, आणि या भागात ते सर्रास दिसतं. तवंग परत जुळून आला तर मात्र नमुन्याची बाटली काढा.

निरीक्षण विहिरीत पाणी अचानक चार बोटं खाली गेलेलं दिसलं, तर आधी पाइप तपासा. गोठताना माती पाइप वर ढकलते. पाणी जागच्या जागी असतं, पण मोजायला सुरुवात करतो ते टोक वर सरकलेलं असतं. दर वसंतात प्रत्येक पाइपच्या टोकाची उंची नव्याने घेतल्याशिवाय एकही आकडा वापरू नका. पीटचा पृष्ठभागही पाण्याबरोबर वर-खाली होतो, म्हणून खूण खालच्या घट्ट मातीत ठोकलेल्या सळईवरच करा.

सगळ्यात वादाचा मुद्दा मूळ पातळीचा, म्हणजे खाणी नसत्या तर पाण्यात काय असतं याचा. अथाबास्का नदीच्या काठांतून बिट्युमेन निसर्गतःच पाझरतं. त्यामुळे पाण्यात सापडलं म्हणजे खाणीचंच, हे चूक. आणि सगळं नैसर्गिकच, हेही चूक. नदीच्या वरच्या अंगाला तेलवाळूचा थर लागण्याआधी, थरात पण खाणी लागण्याआधी, आणि खाणींलगत अशा तीन ठिकाणचे नमुने घ्यावे लागतात. एरिन केली आणि डेव्हिड शिंडलर या संशोधकांच्या गटाने 2008 मध्ये असंच केलं, शिवाय हिवाळा संपता संपता बर्फाचेही नमुने घेतले. बर्फ म्हणजे चार महिन्यांची धूळ साठवलेली वही. कच्च्या बिट्युमेनवर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यांपासून पन्नास किलोमीटरच्या टापूत प्रदूषक पडलेले त्यातून दिसले. उद्योगाच्या पैशावर 1997 पासून नदीवर नजर ठेवणारा कार्यक्रम चालू होता, पण त्याची रचना असा फरक पकडण्याजोगी नव्हती. 2012 मध्ये केंद्र आणि प्रांताला संयुक्त योजना आणावी लागली.

आकडा कुणाला सांगितला?

केअर्ल खाणीत मे 2022 मध्ये गाळाच्या तलावाजवळ रंग बदललेलं पाणी दिसलं. खालच्या अंगाच्या आदिवासी समाजांना तेवढीच प्राथमिक खबर मिळाली, पुढचा तपशील नाही. फेब्रुवारी 2023 मध्ये दुसऱ्या एका साठ्यातून 53 लाख लिटर गढूळ पाणी सांडलं, तेव्हा आधीचा पाझरही उघड झाला. मधल्या नऊ महिन्यांत आपली माणसं त्या परिसरात शिकार करत होती, असं अथाबास्का चिपेवायन फर्स्ट नेशनने सांगितलं. निरीक्षणाचा आराखडा करताना नमुन्यांच्या ठिकाणांइतकीच ही यादीही पहिल्या पानावर लिहा: कोणत्या आकड्याला कुणाला फोन जाणार, किती तासांत, आणि कोण करणार.