छोट्या बॉडीची गिटार: बाराव्या फ्रेटवर सूर चढा लागत होता

लेकीसाठी लहान बॉडीची इलेक्ट्रिक गिटार केली, नेक (दांडा) मात्र ६४८ मिमी स्केलचा, म्हणजे तारेची वाजणारी लांबी तेवढी. मोकळ्या तारा सुरात, बाराव्या फ्रेटवर (नेकवरच्या बाराव्या धातूच्या पट्टीवर) दाबल्या की सगळ्या चढ्या. सॅडल (बॉडीवरच्या ब्रिजमधले, प्रत्येक तार टेकते ते सरकते तुकडे) पार मागे ओढले, तारा बदलल्या. दोन रविवार फुकट! चूक माझीच: दिसायला बरा म्हणून ब्रिज ८ मिमी पुढे, नेककडे बसवला होता, म्हणून तारा आखूड पडल्या.

ब्रिज काढला. जुनी भोकं ६ मिमीची करून लाकडी खुंट्या फेव्हिकॉल लावून ठोकल्या, रात्रभर सुकू दिल्या. नटापासून (नेकच्या टोकाची, तारा जिथे टेकतात ती खाचांची पट्टी) बारावा फ्रेट ३२४ मिमी. बारीक ई तारेचा सॅडल जवळजवळ पुढच्या टोकाला आणून बरोबर दुपटीवर धरला, म्हणजे जाड तारांना मागे सरकायला जागा उरते. कडेच्या दोन तारांच्या जागी दोरा ताणून ब्रिज सरळ केला, मगच २.५ मिमीची भोकं पाडली. जाड ईचा सॅडल शेवटी ४ मिमी मागे गेला. ब्रिजखाली अर्थिंगची वायर दाबायला विसरू नका, मी विसरलो.