पहिलं बॅलड सिंगल करताय? पट्टीपासून रिलीजपर्यंत काय काय बघायचं

नवीन गायक-गायिका पहिलं सिंगल करायचंय म्हणून येतात तेव्हा बहुतेकांचा पहिला प्रश्न माइक कुठला घेऊ हा असतो, आणि मी उलट विचारते की पट्टी ठरली का? बॅलड म्हणजे भावनाप्रधान गाणं, त्यात आवाज एकदम उघडा असतो, मागे फार वाद्यं नाहीत, लय संथ, त्यामुळे पट्टी चुकली तर महागातला माइक काही करू शकत नाही. कोरसमधला सगळ्यात वरचा सूर एकदा लागतो म्हणून खूश होऊ नका, तोच कोरस लागोपाठ पाच-सहा वेळा म्हणून बघा, कारण स्टुडिओत तेवढं म्हणावंच लागतं. आणि दुसऱ्या टोकाला अंतऱ्याचा खालचा सूर नुसता हवा होऊन जात नाही ना तेही बघा. शेवटच्या कोरसला गाणं अर्धा किंवा एक सूर वर न्यायचा विचार असेल (बॅलडमध्ये हे खूप होतं) तर पट्टी त्या वरच्या कोरसच्या हिशोबाने ठरवायची, सुरुवातीच्या नाही.

मग टेम्पो. बरीच बॅलड्स साधारण ६० ते ८० बीपीएममध्ये (मिनिटाला इतके ठोके) बसतात, पण ह्या रेंजमध्ये दोन-तीन बीपीएमचा फरकसुद्धा गाताना जाणवतो, कारण श्वास कुठे घेता येतो ते सगळं बदलतं. नुसता पियानो किंवा गिटार आणि क्लिक (मेट्रोनोमची टिकटिक) लावून पूर्ण गाणं मोबाईलवर रेकॉर्ड करा, दुसऱ्या दिवशी ताज्या कानाने ऐका, ओळ संपायच्या आत दम संपतोय किंवा शब्द उगाच ताणले जातायत असं वाटलं तर टेम्पो हलवा. हे सगळं घरी फुकटात होतं, स्टुडिओत तासावर पैसे जातात.

इंट्रोबद्दल माझं मत जरा ठाम आहे. ७० बीपीएमला चार मात्रांचे आठ बार (आवर्तनं) म्हणजे २७ सेकंद होतात आणि स्पॉटिफायवर एक स्ट्रीम मोजला जायला ३० सेकंद लागतात, म्हणजे आवाज येईपर्यंतच ऐकणाऱ्याने ठरवलेलं असतं राहायचं की पुढे जायचं. चार बार पुरतात. पण सुरुवातीचा पियानो खरंच गाण्याचा भाग असेल तर ठेवा, फक्त सवयीने लांबवू नका.

आता रेकॉर्डिंग. खोली माइकपेक्षा महत्त्वाची, जाड पडदे, गाद्या, कपड्यांनी भरलेलं कपाट असलेली खोली रिकाम्या हॉलपेक्षा कधीही बरी. लार्ज डायफ्रॅम कंडेन्सर माइक, पुढे पॉप फिल्टर (प, ब म्हणताना येणारा हवेचा झोत अडवणारी जाळी), आणि तोंड माइकपासून १५ ते २० सेंटीमीटरवर. कार्डिऑइड (मुख्यतः समोरचाच आवाज घेणाऱ्या) माइकच्या जवळ गेलं की आवाजातला बेस वाढतो, अंतऱ्यात कुजबुजल्यासारखं हवं असेल तर त्याचा मुद्दाम वापर करता येतो, मात्र कोरसला जरा मागे सरकायची सवय लावून घ्या. २४ बिट ४८ किलोहर्ट्झला रेकॉर्ड करा आणि मोठ्यात मोठा सूर मीटरवर उणे १० डीबीच्या आसपास राहू दे, २४ बिटमध्ये लेव्हल वर ढकलायची काही गरज नसते आणि क्लिप झालेला (लेव्हल मर्यादेबाहेर जाऊन आवाज फाटलेला) टेक परत नीट होत नाही.

हेडफोन मिक्सकडे, म्हणजे गाताना कानात काय किती मोठं ऐकू येतं त्याकडे, नवीन लोक अजिबात लक्ष देत नाहीत आणि मला ते सगळ्यात जास्त खटकतं! स्वतःचा आवाज कानात फार मोठा असेल तर गायक दबून गातो, फार बारीक असेल तर ओरडतो, दोन्हीकडे सूर हलतो. थोडा रिव्हर्ब (आवाज घुमवणारा इफेक्ट) फक्त हेडफोनमध्ये द्या, रेकॉर्ड होणाऱ्या ट्रॅकवर नको. आवाज उशिरा ऐकू येत असेल तर रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमधला बफर कमी करा किंवा इंटरफेसचं (माइक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या उपकरणाचं) डायरेक्ट मॉनिटरिंग लावा, म्हणजे आवाज कॉम्प्युटरमधून न फिरता थेट कानात येतो. आणि क्लिक! बॅलडच्या शेवटच्या शांत ओळीत हेडफोनमधून गळलेला क्लिक माइकमध्ये स्पष्ट येतो, त्यामुळे तिथे क्लिकचा आवाज ऑटोमेशनने (सॉफ्टवेअरमध्ये आधीच ठरवून) उतरवून ठेवा आणि बंद पाठीचे, आवाज बाहेर न सोडणारे हेडफोन वापरा.

टेक घेताना आधी तीन-चार वेळा पूर्ण गाणं न थांबता म्हणायचं, मग तुकडे. गाणं जिथे चढत जातं तो चढ पूर्ण टेकमध्येच मिळतो. नंतर कॉम्पिंग (वेगवेगळ्या टेकमधले चांगले भाग जोडणं) करताना गाण्याचा कागद घेऊन प्रत्येक ओळीपुढे टेकचा नंबर लिहा, आणि निवडताना आधी भाव बघा, सूर नंतर, कारण सूर थोडा दुरुस्त होतो, भाव होत नाही. शब्दाशब्दाने जोडकाम करू नका, ओळ किंवा किमान अर्धी ओळ एका टेकची असू दे. श्वास कापून टाकू नका, नुसते पाच-सहा डीबी खाली करा. पिच करेक्शनला (सॉफ्टवेअरने सूर दुरुस्त करायला) माझा विरोध नाही, पण लांब सुरावर फास्ट सेटिंग लगेच कळतं, म्हणून हाताने, फक्त सुराचा मध्य जागेवर आणायचा आणि हरकती, कंप जसेच्या तसे सोडायचे.

मिक्सिंग कोणाकडून तरी करून घ्या असंच मी सांगेन. फक्त दोन गोष्टी सांगून ठेवा: रिव्हर्बला प्री-डिले (घुमणं किंचित उशिराने सुरू होणं) ठेवा म्हणजे शब्द पुढे राहतात, आणि पियानोचा मधला भाग आवाजाला जागा देईल असा करा. मास्टर (रिलीजसाठीची अंतिम फाइल) फार लाऊड मागू नका. स्पॉटिफाय डिफॉल्टला गाणी साधारण उणे १४ लफ्सला (LUFS, सरासरी लाऊडनेसचं माप) आणतं, म्हणजे लाऊड मास्टर तिथे खालीच येतो आणि अंतरा-कोरसमधला चढउतार मात्र कायमचा चेपला गेलेला असतो. ट्रू पीक (आवाजाचं सगळ्यात उंच टोक) उणे १ डीबीच्या खाली. त्याच दिवशी इन्स्ट्रुमेंटल आणि नुसत्या आवाजाची फाइलपण मागून घ्या, नंतर मागायला गेलं की सेशन उघडायला कोणाला वेळ नसतो.

रिलीजचं काम कंटाळवाणं आहे पण करायलाच लागतं. गीतकार, संगीतकार, प्रोड्यूसर यांचे टक्के रेकॉर्डिंग संपायच्या आत कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या, गाणं चालल्यावर हे बोलणं फार अवघड होतं, मैत्रीत तर जास्तच. रचनेचे हक्क वेगळे आणि रेकॉर्डिंगचे हक्क वेगळे हे डोक्यात पक्कं ठेवा, डिस्ट्रिब्युटर (गाणं स्पॉटिफायसारख्या ठिकाणी पोहोचवणारी कंपनी) रेकॉर्डिंगचे पैसे आणून देतो, रचनेच्या रॉयल्टीसाठी बहुतेक वेळा वेगळी नोंदणी लागते. प्रत्येक रेकॉर्डिंगला १२ अक्षर-अंकांचा आयएसआरसी (त्या रेकॉर्डिंगच्या ओळखीचा) कोड मिळतो, पुढे अकूस्टिक व्हर्जन काढलं तर त्याला नवीन कोड. कव्हर ३००० बाय ३००० पिक्सेल, चौकोनी, त्यावर सोशल मीडियाचं नाव किंवा लिंक नको, त्यावरून अपलोड परत येतं. कलाकाराचं नाव सगळीकडे एकाच स्पेलिंगने, नाहीतर गाणं दुसऱ्याच कोणाच्या प्रोफाइलवर जाऊन बसतं.

२०१५ च्या जुलैपासून जगभर नवीन गाण्यांचा दिवस शुक्रवार धरला जातो, पण पहिल्या गाण्याला शुक्रवारच हवा असं मला वाटत नाही, त्या दिवशी गर्दी जास्त असते. त्यापेक्षा तारखेच्या तीन-चार आठवडे आधी अपलोड करा. स्पॉटिफायला गाणं पिच करायचं (प्लेलिस्टसाठी सुचवायचं) तर किमान ७ दिवस आधी करायचं, म्हणजे फॉलोअर्सच्या रिलीज रडारमध्ये (नव्या गाण्यांच्या आपोआप बनणाऱ्या प्लेलिस्टमध्ये) ते नक्की जातं, स्पॉटिफायची माणसं निवडतात त्या एडिटोरियल प्लेलिस्टचं मात्र कोणी सांगू शकत नाही. आणि पैशांचा अंदाज आधीच घेऊन ठेवा: २०२४ पासून मागच्या १२ महिन्यांत १००० स्ट्रीम नसलेल्या ट्रॅकला स्पॉटिफाय रेकॉर्डिंगची रॉयल्टी देत नाही, आणि जे मिळतात तेसुद्धा बहुतेक ठिकाणी दोन-तीन महिने उशिराने खात्यात दिसतात, त्यामुळे पुढच्या गाण्याचं बजेट ह्या गाण्याच्या कमाईवर लावू नका.