पेअरिंग करताना या चुका टाळा

लहान मुलांना वागणं-बोलणं शिकवणाऱ्या नवीन थेरपिस्टच्या सेशनला बाजूला बसले की पहिल्या दहा मिनिटांत एक वाक्य कानावर पडतंच, "हे काय आहे? बोल, हे काय आहे?" मूल तीन वर्षांचं, ओळख दहा मिनिटांची आणि हिच्या हातात फ्लॅशकार्ड. टोकलं की उत्तर तयार, "ताई, पेअरिंग चालू आहे."

चालू नाहीये. पेअरिंग म्हणजे मुलाला जे आवडतं त्याच्याशी तुमची जोडी लागणं. त्याला साबणाचे फुगे आवडतात आणि ते तुमच्याकडून येतात, असं पुन्हा पुन्हा घडलं की तुम्ही आलात याचाच त्याला आनंद व्हायला लागतो. मग तुम्हीच रिइन्फोर्सर झालात, म्हणजे जे मिळालं की मूल तीच गोष्ट पुन्हा करतं, असं बक्षीस. या काळात मुलाकडे काही मागायचं नसतं. प्रश्न विचारणं ही मागणीच, "इकडे बघ" हीसुद्धा. मी तर पहिल्या काही सेशनमध्ये प्रश्नचिन्ह असलेलं वाक्यच बोलत नाही. "गाडी आली! धडाम!" बस. एवढंही सुचत नसेल तर गप्प बसा.

दुसरी चूक मी स्वतः केलेली आहे, म्हणून तिच्यावर जास्त राग.

कामाला लागून वर्षही झालं नव्हतं. एका घरी साडेतीन वर्षांचा मुलगा होता. स्टीलच्या डब्याचं झाकण फरशीवर गरगर फिरवायचा आणि ते थांबताना होणाऱ्या खणखणाटावर जाम खूश व्हायचा. मला वाटलं, रिइन्फोर्सर आयताच सापडला. झाकण उचललं, उंच धरलं, म्हटलं, "दे म्हण." तो रडला, ओरडला, शेवटी 'दे'सारखं काहीतरी पुटपुटला. मी झाकण दिलं, आईनं टाळ्या वाजवल्या. चौथ्या दिवसापासून बेल वाजली की तो झाकण घेऊन पलंगाखाली जायला लागला. त्याचा हिशोब चोख होता: ही बाई येते तेव्हा झाकण जातं. माझी जोडी लागली होती ती हिसकावण्याशी.

मग पिशवीत घरची तीन झाकणं घालून नेली, त्यात एक पातेल्याचं मोठं. पलंगापासून लांब बसून फिरवत राहिले, त्याच्याकडे न बघता. बरेच दिवस पलंगाखालून नुसते डोळे दिसायचे. मग पाय बाहेर आले, मग तो. चार दिवसांत बिघडवलेलं निस्तरायला महिना गेला. 'दे' त्यानंतर आला, न रडता.

तेव्हापासून मुलाच्या हातातली वस्तू मी हातातच राहू देते आणि तिच्यात भर घालते. त्याच्याकडे आगगाडीचे रूळ असतील तर डबे माझ्याकडे. एकट्यानं खेळण्यापेक्षा माझ्याबरोबर जास्त मजा येत नसेल, तर मी त्याला हवी कशाला?

आवडीची यादी आईला विचारून लिहिली की झालं, असं समजू नका. ती गेल्या महिन्याची असू शकते. डीलिऑन आणि इवाटा या संशोधकांनी १९९६ साली मांडलेली पद्धत साधी आहे. काही वस्तू ओळीत मांडायच्या, मूल उचलेल ती थोडा वेळ खेळू द्यायची, मग ती बाजूला ठेवून उरलेल्या पुन्हा मांडायच्या. पसंतीचा क्रम हाती येतो. पण यातही वस्तू परत घ्यावी लागते, म्हणून अगदी नव्या मुलाबरोबर मी तेही करत नाही. खेळणी पसरते आणि हात कुठे जातो ते पाच मिनिटं बघत बसते.

पोटभर पोहे खाल्लेल्या मुलापुढे बिस्किट धरून 'रिइन्फोर्सर काम करत नाही' असं वहीत लिहू नका. उलट "मुलाला उपाशी ठेवा" असं आईला सांगणारेही भेटलेत. त्यांच्यापुढे हात जोडते. फुग्यांची बाटली फक्त सेशनपुरती बाहेर काढली तरी पुरतं.

मोबाईल लावून दिलात तर पेअरिंग मोबाईलचं होतं.

रडं सुरू झाल्यावर दिलेलं चॉकलेट रडण्याला मिळालं.

"आधी काम, मग खेळ" हे मानसशास्त्रज्ञ प्रेमॅकनं १९५९ साली कागदावर आणलं. आधी पोळी-भाजी, मग श्रीखंड हे आज्यांना त्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होतं. चांगलंच आहे, पण ओळखीच्या आठवड्यात नको.

आणि ते 'तीन सेशन झाले, पेअरिंग पूर्ण' असं टिकमार्क करणं! मी जागा बदलल्यावर मूल मागे येतं का, वस्तू आणून माझ्या हातात देतं का, मी चपला घालताना कुरकुरतं का, हे मी बघते. मग पहिली मागणी अशी, जी ते करणारच आहे. बॉल फेकायला हात उचलला की "टाक" म्हणायचं आणि टाकला की जल्लोष. त्यानंतर पुन्हा बराच वेळ काही मागायचं नाही. ज्यांना पहिल्या आठवड्यात पंचवीस शब्द हवेत, त्यांनी शिकवणी काढावी.

घरच्यांना आधी न सांगणं हीही चूकच. "मॅडम, तासाचे पैसे घेता आणि नुसतं खेळता?" हे मी बऱ्याच घरांत ऐकलंय, आणि त्यांचं काय चुकलं? त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. आता पहिल्या सेशनआधी आजी-आजोबांसकट सगळ्यांना बसवते आणि त्यांनाही थोडं खेळायला लावते. नाहीतर मूल नुकतंच जवळ येऊन बसलेलं असतं आणि स्वयंपाकघरातून आवाज येतो, "अरे, ताईंना एबीसीडी म्हणून दाखव!"